काचेतलं पाणी

कराडजवळच्या एका साखर कारखान्याच्या फाटकाशी वाफेचं जुनं रेल्वे इंजिन चौथऱ्यावर उभं आहे. बॉयलर कित्येक वर्षं कोरडा. तरी दर खंडेनवमीला निवृत्त फायरमन कोंडीबा बायकोला घेऊन येतो आणि त्याची पूजा करतो.

यंदाही तानुबाईनं फायरबॉक्सच्या, म्हणजे कोळशाच्या भट्टीच्या, दाराला झेंडूचा हार घातला आणि दोघं इंजिनाच्या केबिनमध्ये निवांत चहा पीत बसले. तेवढ्यात पाण्याची पातळी दाखवणारी काचेची नळी खालून भरू लागली.

"आवं, ह्यात पानी कुठनं आलं?"

"घाट चढतोय आपण," कोंडीबा खुशीत म्हणाला. "चढाला बॉयलरमधलं पानी मागं येतं, मग काच भरती."

तानुबाई हसली. बाहेर वॉचमन पेपर वाचत होता.

"आन् उताराला वो?"

"पानी पुढं पळतं. फायरबॉक्सचं छत उघडं पडतं. तवा खाली आग असली की बॉयलर फुटलाच. पर हितं आग कुठाय?"

नळी काठोकाठ भरली. क्षणभर पाणी थांबलं, आणि नळी सर्रकन रिकामी झाली.

दारावरचा झेंडू करपायला लागला.