चौथी ओळ

जठारपेठेतील देवानंदच्या ऑनलाइन केंद्रात, संगणकाच्या पडद्यावर एकच लेख तीन ठिकाणी उघडलेला होता आणि तिन्ही ठिकाणी तो चौथ्या ओळीत, एकाच शब्दापाशी तुटत होता. तो शब्द होता ‘बाबा’.

“दुसरं उघड,” खुशालराव म्हणाले.

“हे दुसरंच हाय काका. तिसरं बी पाह्यलं तुमी.”

“मंग पयलं.”

देवानंदने पहिले उघडले. आंबाडीची भाजी, असे लेखाचे शीर्षक होते. त्याखाली त्यांच्या लेकीने, रागिणीने, लिहिले होते, ‘इकडे हैदराबादेत आंबाडी बारा महिने मिळते. काल दोन जुड्या आणून भाजी केली. इतकी आंबट झाली की कुणाच्याही घशाखाली उतरेना. बाबा…’ आणि पुढे निळ्या अक्षरांत, ‘पुढे वाचा’.

खुशालरावांनी टेबलावर मूठ आपटली. पायरीवर रिकाम्या टोपल्या घेऊन बसलेल्या त्यांच्या बायकोने, पार्वताबाईंनी, वळून पाहिले. भाजी सकाळीच विकून झाली होती, आणि वाडीकडे जाणारा ऑटो दोनदा येऊन गेला होता.

आपण निवडलेल्या संकेतस्थळांवरील नवे लिखाण जो प्रोग्रॅम आपण होऊन एका पानावर आणून ठेवतो, त्यास फीड रीडर म्हणतात. खुशालरावांचा रीडर महिनाअखेर बंद होणार होता, म्हणून ते तीन नवे रीडर पारखीत होते. त्यांना हवामान हवे होते, बाजार समितीचे पत्रक हवे होते. परंतु त्यांचा जीव रागिणीच्या लिखाणात होता. ‘तुह्या दारात पाय ठेवणार नाई,’ असे ते लेकीला दोन वर्षांपूर्वी बोलून चुकले होते, आणि बोललेले मागे घेणे त्यांच्या स्वभावात नव्हते. रीडरने त्यांची अडचण दूर केली होती. लेख त्यांच्याकडे येत असे. त्यांना कोठे जावे लागत नसे.

“हा दुसरा काय कामाचा?” ते म्हणाले. “अक्षर पाह्य, तिळाएवढं. अन् फुकटात बाराच साइट जोडू देते म्हणते.”

“तिसऱ्याचं अक्षर मोठं हाय.”

“मोठं हाय, पण पाऊस पडून गेल्यावर पावसाचा अंदाज दाखवते थो!”

“काका, त्याच्यात एक बटन हाय. पूर्ण मजकूर आणते म्हणतात.”

“मंग दाब ना बाप्पा! सकायपासून कायची वाट पाहून राह्यला?”

देवानंदने बटण दाबले. पडद्यावर एक वर्तुळ फिरू लागले. खुशालराव खुर्चीच्या काठावर सरकले. वर्तुळ बराच वेळ फिरले, थांबले, आणि त्याच चार ओळी पुन्हा उमटल्या. चौथीच्या शेवटी ‘बाबा’.

“एकजात बोगस!” खुशालराव ओरडले. “तीन-तीन रीडर, अन् एकालेबी एक ओय पुरी आणता येत नाई. चारच ओयी काहून आणतात हे?”

“त्याइचा दोष नाई काका.” देवानंदने माऊस बाजूला ठेवला. “तिकूनच चार ओयी सुटून राह्यल्या. मांगच्या लेखापर्यंत पुरा येत होता ना? आता रागिणीनंच तशी सेटिंग केली. बाकीचं तिच्या पानावर जाऊन वाचा लागते.”

“काहून केली?”

“वाचणाऱ्यानं आपल्या इथं यावं म्हणून करतात लोक. कोन्या गावाहून कोन आलं, थे मंग तिले दिसते.”

 खुशालरावांनी उपरण्याने चष्मा पुसला, डोळ्यांवर चढवला, आणि न पुसल्यासारखा पुन्हा काढला.

“ठेव बंद करून,” ते म्हणाले. “मी नाई जात.”

“तिसरा ऑटो येईन आता,” पार्वताबाई पायरीवरूनच म्हणाल्या. “काय थे ठरवा एकदाचं.”

“ठरलं. म्या जबान देली होती.”

“काय देली होती?”

“तुले ठाऊक नाई का? तिच्या दारात पाय ठेवणार नाई म्हणून.”

“मंग पाय नका ठेवू,” पार्वताबाई म्हणाल्या. “बोट ठेवा.”

देवानंद हसू दाबून खाली पाहू लागला. खुशालरावांनी एकदा बायकोकडे पाहिले, एकदा पडद्याकडे. नंतर त्यांनी स्वतःच माऊस ओढून घेतला आणि ‘पुढे वाचा’ या निळ्या अक्षरांवर नेऊन बोट दाबले.

रागिणीचे पान उघडले. खुशालराव ओठ हलवीत वाचू लागले. ‘बाबा वाडीवर तीन दगडांच्या चुलीवर आंबाडी करायचे. ती कधीच आंबट होत नसे. उकळलेले पाणी ते फेकून देत की त्यातच कण्या शिजवत, हे मला आठवत नाही. आईला विचारले तर म्हणते, ज्याची भाजी त्याला विचार.’

लेख तेथेच संपला होता.

“फेका लागते!” खुशालराव एवढ्या मोठ्याने ओरडले की शेजारचा टेलर डोकावून गेला. “पयलं पाणी फेका लागते! इतकीशी गोष्ट! एवढी शिकली, अन् आंबट खाऊन राह्यली पोट्टी!”

“मले काय सांगता?” पार्वताबाई टोपल्या एकात एक घालीत म्हणाल्या. “मी फेकतोच.”

देवानंदने मराठी अक्षरे चिकटवलेला कीबोर्ड खुशालरावांपुढे सरकवला. लेखाखाली अभिप्रायाची मोकळी जागा होती, आणि तिच्या वर एक लहान चौकट. चौकटीत फिकट अक्षरांत लिहिले होते, ‘आपले नाव’.

बाहेर ऑटो येऊन थांबला. खुशालरावांचे बोट ‘ख’वर गेले, क्षणभर तेथे टेकले, आणि न दाबताच उठून ‘ब’ शोधू लागले.