जात्यावरची बाई

लीलाधर तिकीटखिडकीशी उभा असलेला रूपाला जात्यावर बसल्याबसल्या दिसला, आणि तिचा हात खुंट्यावरच थांबला.

सहा महिन्यांत तो वाळला होता. दाढी वाढलेली, सदरा ढगळ झालेला. खिशातून फोटो काढून तो दारावरच्या पितांबरनानांना काहीतरी विचारत होता.

पळायला वाट नव्हती. अंबरखान्याचं, त्या जुन्या धान्यकोठाराचं, दार एकच, आणि त्यातून धुळ्याच्या शाळांच्या रांगा आत येत होत्या. वारसा सप्ताहासाठी पुरातत्त्व खात्याने वरझडीच्या किल्ल्यात 'जुना खान्देश' हे प्रदर्शन मांडलं होतं. सोनार, कुंभार, पिंजारी हे सगळे फायबरचे पुतळे. जात्यावरची बाई तेवढी खरी.

रूपा एरवी किल्ल्यात झाडलोट करायची. जात्यावर बसणारी ज्योती तापाने आडवी झाली म्हणून साहेबांनी हिला नऊवारी नेसायला लावली. "पदर पुढे ओढून बसेन, तोंड दाखवणार नाही," एवढंच तिने कबूल करून घेतलं. तरी परवा कुणीतरी मोबाइलवर व्हिडिओ काढलाच होता.

पाठीमागच्या कोठीत, झुलींच्या ढिगावर मयुरी झोपली होती. चार वर्षांची. धुळ्याला आल्या आल्या रूपाने तिचे केस बारीक कापले होते, नवं नाव घोकून घेतलं होतं. कुणी विचारलं तर नाव काय सांगायचं? मयुरी. बाबा कुठे आहेत? नाहीत. सुरुवातीला पोर रडायची. आता न अडखळता सांगायची.

पितांबरनाना घाईने आत आले. कडेची दोरी सारखी करायचं निमित्त करून खाली वाकले.

"तुमना दोन्हीस्ना फोटो लेईसन फिरी ऱ्हायना तो," ते हळूच म्हणाले. "मी त्याले पुरं बोलूबी दिन्हं नई. तुना नवरा शे का?"

रूपाने मान खाली घातली.

"मारे का तुले?"

जात्याच्या पाळूवर तिच्या डोळ्यांतलं पाणी पडलं. "नाना, तो पोरीला घेऊन जाईल. मग मी जगायची नाही."

नानांची स्वतःची लेक सासरहून दोनदा काठीचे वळ घेऊन परत आली होती. त्यांनी पुढे काही विचारलं नाही. "हालू नको," ते म्हणाले. "पुतळा होय."

लीलाधर आत आला.

तो प्रत्येक पुतळ्यापुढे थांबत होता. सोनारापुढे. कुंभारापुढे. मग पिंजाऱ्यापुढे. रूपाला पदराखालून फक्त त्याच्या चपला दिसत होत्या. त्या तिच्यासमोर आल्या आणि तिथेच राहिल्या. तिने श्वास धरला. खुंट्यावरची मूठ इतकी आवळली की नखं तळव्यात रुतली.

बाहेर चौकात नाचाच्या पथकाने ढोल सुरू केला. त्याच वेळी पाठीमागच्या दाराआडून बारीक आवाज आला.

"आई! आई!"

पोर जागी झाली होती. ढोल थांबला की त्याला ऐकू जाणार. आणि त्याचा आवाज पोरीच्या कानावर पडला, तर ती धावत सुटणार, हेही रूपाला ठाऊक होतं.

"बाई, ही खरी आहे!" रांगेतली एक मुलगी ओरडली. "हिचं पोट हलतंय!"

"खरी असती तर दळत नसती का बसली? चल पुढे," बाई म्हणाल्या.

चपला किंचित पुढे सरकल्या. आता तो वाकला असता तर पदराखालचा चेहरा दिसला असता.

"ओ भाऊ!" नानांनी दारातून हाक मारली. "बुरुजाकडे बघा. झाडणाऱ्या बाया तिकडे आहेत."

चपला वळल्या. रूपाने श्वास सोडला तो हुंदक्यासारखाच बाहेर पडला.

पुढचं सगळं नानांनी केलं. कोठीला मागून एक उंच खिडकी होती, तिच्यातून त्यांनी आधी पोरीला बाहेर घेतलं, मग रूपाला. तटाच्या कडेने तिघं रस्त्यावर आली. मयुरी मुसमुसत होती. रूपाने तिचं तोंड खांद्याशी घट्ट दाबून धरलं होतं आणि ती दर चार पावलांनी मागे बघत होती. सुरतची एसटी दिसताच नाना रस्त्याच्या मधोमध उभे राहिले. गाडी थांबली. त्यांनी आपला भाकरीचा डबा रूपाच्या हातात कोंबला.

"तिकडे मना भाऊ शे, मी त्याले फोन करस. आते कोनी काही करनार नई तुले."

रूपा त्यांच्या पाया पडली. गाडी हलली. वळणाआड जाईपर्यंत नाना तिथेच उभे होते. किती दिवसांत त्यांना असं हलकं वाटलं नव्हतं.

ते परत आले तेव्हा लीलाधर दारापाशी कट्ट्यावर बसला होता. शेजारी एक बाई होती. खंगलेली, नजर कुठेच नसलेली. बुरुजावर त्याला कुणी भेटलं नव्हतं. फोटो त्याच्या मांडीवर पडला होता.

नाना त्याच्यापुढे जाऊन ठाम उभे राहिले.

"भाऊ, तुझी बायको आता तुला सापडायची नाही. गेली ती पोरीला घेऊन. तिचा नाद सोड."

लीलाधरने मांडीवरचा फोटो उचलला.

"माझी बायको तर ही बसलीय, नाना," तो म्हणाला. "फोटोतली बाई आमच्या पोरीला सांभाळायला होती."