घर झोपलं तेव्हा

"घरा, पाच मिनिटं झोपशील का?"

मैथिलीने विचारलं खरं, पण रेवा आणि झैनब या मैत्रिणींनी डिवचलं म्हणून. धाकटा भाऊ निनाद रांगायला लागल्यापासून या घराने नुसता उच्छाद मांडला होता. बाळ खोलीत असलं की कात्रीचा खण उघडत नसे, चहा कोमटच मिळे, आणि तो कुठेही कलंडला की फरशी गादीसारखी फुगून त्याला झेलत असे. आज शाळेच्या तक्त्यासाठी कात्री हवी होती.

"घर तुझं ऐकतं तरी का गं?" रेवा हसली होती.

घराने ऐकलं. दिवे मंदावले, खण उघडला.

तेवढ्यात झैनब किंचाळली, "अगं, निनाद!"

तो सोफ्यावर उभा होता. नेहमीसारखं खिदळत त्याने स्वतःला मागे झोकून दिलं. खाली फरशी दगडासारखी कडक! मैथिलीने झेप घेतली. डोकं तिच्या तळहातात आलं, ढुंगण मात्र दाणकन आपटलं.

निनादने चकित होऊन फरशीवर चापट मारली आणि मग टाहो फोडला.

आईबाबा अंगणातून धावत आले, तोवर तो मुसमुसत पुन्हा सोफ्यावर चढला होता. आई झेपावली.

"थांब ना आई!" मैथिलीने तिचा हात धरला.

निनादने काठावरून खाली वाकून पाहिलं. मग तो वळला, पोटावर झाला आणि पायाने जमीन चाचपत हळूच उतरला.

सोललेलं कोपर दाबत मैथिली म्हणाली, "आई, बाबा, मी ठरवलंय. रोज मी शाळेतून आले की अर्धा तास घर झोपणार. तेवढा वेळ मी जागी आहे."