दुसरं मशीन

“काका, थांबा! ती फाईल चढवू नका!”

“चढवली की,” फोनवर काका म्हणाले. “चालूही करून पाहिलं. पडदा काळाठिक्कर, आणि जरासा जळका वास येतोय.”

तिच्या तोंडचं पाणी पळालं. चूक तिच्या लक्षात चहा गाळताना आली होती, ती नेमकी चार मिनिटं उशिरा.

संगणक चालू केला की सगळ्यात आधी जागा होतो तो त्यातला फर्मवेअर, म्हणजे बोर्डातच बसवलेला मूळ प्रोग्राम. कंपनीने एखादं जुनं मॉडेल वाऱ्यावर सोडलं, की काही हौशी माणसं त्यासाठी नवा, सर्वांना खुला फर्मवेअर लिहितात. त्यात प्रत्येक मॉडेलची एक फाईल लागते. बोर्डावर कोणकोणते भाग आहेत, ते कुठे जोडलेत, कुणाला किती वीज द्यायची, हे सगळं तिच्यात असतं. अशी फाईल कोऱ्यापासून कुणीच लिहीत नाही. थोरल्या, म्हणजे त्याच मालिकेतल्या आधीच्या मॉडेलची उतरवून घ्यायची आणि फरक तेवढा बदलायचा. तिने एकशे बारा ओळी बदलल्या होत्या. मेमरीच्या व्होल्टेजची एक ओळ मात्र थोरल्याचीच राहिली, आणि धाकट्याला ती सोसवली नाही.

ही तिची पहिलीच फाईल. दिवसभर ती दवाखान्याच्या नोंदणीच्या खिडकीत बसायची आणि घरी आल्यावर बोर्डाचे नकाशे वाचायची. ते मॉडेल तिच्याकडे नव्हतं. ते होतं काकांकडे, म्हणजे एका निवृत्त रेडिओ-दुरुस्तीवाल्याकडे. तिने फाईल पाठवायची, त्यांनी आपल्या मशीनवर चालवून काय झालं ते कळवायचं, असं ठरलं होतं. सहा महिने खपून ती फाईल तिने आज पहिल्यांदाच पाठवली होती. “हे तुझं काम नव्हे,” असं तिचा भाऊ पहिल्यापासून म्हणत होता. आज तिला ते पटलं.

“मी तुम्हाला मशीन घेऊन देईन, काका. पण आता कानाला खडा. पुन्हा या वाटेला जाणार नाही.”

“ते राहू दे. चुकलेली ओळ सापडली ना?”

“सापडली.”

“मग दुरुस्त कर आणि पाठव. माझ्याकडे असलंच दुसरं आहे.”

“आणि तेही गेलं तर?”

“आकडा नीट बघ, म्हणजे नाही जाणार. मी फोन धरून बसतो.”

तिने आकडा बदलला. नकाशाशी ताडून पाहिला, एकदा नव्हे, नऊ वेळा. मग उरलेल्या सगळ्या ओळीही एकेक करून तपासल्या. काका पलीकडे एक अक्षर बोलले नाहीत. अखेर तिने डोळे मिटून फाईल पाठवली.

“चाललं!” काका ओरडले. “पडदा लखलखीत!”

तिचा जीव भांड्यात पडला. त्याच आठवड्यात तिने पुढच्या मॉडेलची फाईल उघडली.

रविवारी स्वतःचं मशीन पिशवीत घालून ती काकांच्या घरी गेली. त्यांचं एक आपल्यामुळे गेलं, निदान हे तरी द्यावं, असं तिच्या मनात होतं. काका बाहेर गेले होते. दार त्यांच्या सुनेने उघडलं. जेवणाच्या टेबलावर कागद पसरून सून ऑफिसचं काम करत होती, आणि कागदांच्या मधोमध तेच मॉडेल चालू होतं.

“हेच का काकांचं दुसरं मशीन?” तिने कौतुकाने विचारलं.

सून हसली. “बाबांचं एकच होतं गं. हे माझं. माझी नोकरी आहे याच्यावर, मी काही देईना. तर फोनवर हात ठेवून म्हणाले, ‘ही पोरगी आज थांबली तर जन्मात पुन्हा फाईल लिहायची नाही. दे लवकर.’”