आज्जाचा नैवेद्य

पितृपक्षात, आज्जाच्या म्हाळाच्या आदल्या दिवशी मनुबाई गुंजीहून रेल्वेनं बेळगावला आली ती थेट नातीच्या लॅबमध्ये. दिपाली तिथं दारूत विषारी रसायनं आहेत का ते तपासते. म्हातारीनं पिशवीतल्या गवारीच्या शेंगा बाजूला सारल्या आणि खालची बाटली टेबलावर ठेवली.

"आज्जाच्या नैवेद्याची हाय. ह्यात इख न्हाय न्हवं, तेवढं बघ."

दिपालीला हसू आवरेना. आज्जा जिवंत होता तेव्हा हीच आज्जी त्याच्या बाटल्या घरामागच्या परड्यात ओतून यायची. आता गेलेल्या माणसाची एवढी काळजी! तरी तिनं मशीन लावून सगळं नीट तपासलं.

"साफ हाय गं आज्जी. पर इख असलं असतं तरी आज्जाला आता काय हुणार हुतं?"

"त्याला काय हुतंय!" मनुबाईनं बाटली परत गवारीखाली सारली. "कावळा नुस्ता भात खाऊन जातोय, गिलासाला शिवत सुदीक न्हाय. नैवेद्य टाकू नये म्हणून दरसाली मलाच संपवाय लागतोय."