म्हशीचा आवाज

परदेशी कार्टूनवाहिनी इजिप्तच्या मुलांसाठी कैरोच्या बोलीत येणार होती. स्टुडिओत दिग्दर्शक पात्रांना आवाज देणाऱ्या नशवाला म्हणाला, “म्हैस बावळट आहे. तिला गावंढळ आवाज दे, पोरं खदखदून हसली पाहिजेत.” नशवा दक्षिणेतल्या खेड्यातून आलेल्या आपल्या आईच्या हेलात बोलली. सगळे पोट धरून हसले, तीही हसली. पहिला भाग लागला तेव्हा आई नशवाच्या मुलाशेजारी बसून मुलुखियाची भाजी निवडत होती. नातू ओरडला, “आजी, म्हैस तुझ्यासारखीच बोलते!” आई हसली, मग ओढणीने तोंड झाकून आत गेली. नशवा मागोमाग स्वयंपाकघरात शिरली. तिची मान वर होईना. “आई, तो आवाज मी दिलाय.” “ठावं हाय. लेकीचा गळा मी वळखणार न्हाई व्हय?” भाजी धुता धुता आई म्हणाली, “फकस्त उद्यापासनं पोराला शाळंत तूच सोड. तिथं मी बोलले, तर त्याला हसत्याल.”