मॅलकी गरीबघरात जातो

गरीबघराच्या दारात मॅलकीने टोपी काढली, पिशवी छातीशी धरली आणि लेकीला म्हणाला, "बरं, फिडेल्मा. तू नीघ आता. अंधार पडायच्या आत डब्लिनला पोहोच."

"निघू कुठे? आत्ताच तर आलोय!" फिडेल्मा हसली आणि तिकीट काढायला गेली.

आमच्या भागात निराधारांना ठेवायच्या या इमारतीचं नाव कुणी घेत नसे. दुष्काळात लोक इथे पायी आत गेले नि मेल्यावर हातगाडीवरून बाहेर आले, हेच ऐकत आम्ही वाढलो. आता तिचं संग्रहालय झालंय, बसा भरभरून लोक येतात. पण नव्वदीला टेकलेल्या, डोंगरापलीकडे एकट्या राहणाऱ्या मॅलकीला हे कोण सांगणार? हिवाळ्यात तो अंगणात पडला, तेव्हापासून "बाबा, एकट्याने कसं निभायचं?" हे लेकीचं पालुपद. आणि गेल्या आठवड्यात तिचा फोन, "रविवारी तुम्हाला गरीबघरात नेते. आता फार छान केलंय म्हणे."

तो नुसतं "बरं" म्हणाला.

म्हणून येताना त्याने वाट वाकडी करायला लावली. ज्या चौरस्त्यावर गावचे नाच भरायचे आणि तो डेलियाबरोबर, फिडेल्माच्या आईबरोबर, पहिल्यांदा नाचला, तिथे काच खाली करून बराच वेळ बसला. पुढे दूध डेअरीची जागा. गाढवगाड्यांच्या रांगेत उभं राहून तिथे अख्ख्या गावाची टिंगल चालायची. आता तिथे टायरचं दुकान. "काय दिवस होते गं," म्हणत त्याने डोळे पुसले. लेकीला वाटलं, बाबा आज खुललेत. तो बिचारा एकेका जागेचा निरोप घेत होता.

"आजोबा, पिशवी इथे ठेवा," तिकिटं देणारी बाई म्हणाली. त्याने मुकाट्याने दिली. तिचं तोंड उघडंच होतं; वर दाढीचं सामान, धुतलेला सदरा, जपमाळ.

फिडेल्मा बघतच राहिली. सकाळी घरात शिरली तेव्हा चुलीतून वाफ निघत होती. आमच्याकडे रात्री निखारे राखेखाली झाकायचे आणि सकाळी त्यांच्यावरच विस्तव करायचा. मॅलकीच्या घरची चूल त्याच्या आजोबांपासून विझली नव्हती. आज तिच्यात कुणीतरी पाणी ओतलं होतं. वयोमानाने होतं, असं तिला तेव्हा वाटलं होतं.

"माझी खाट कुठल्या खोलीत?" मॅलकीने त्या बाईला विचारलं.

"खाट? अहो आजोबा, पाच वाजले की आम्ही सगळ्यांना हाकलून देतो."

"सगळ्यांना?"

"मलासुद्धा!"

मॅलकी मटकन बाकावर बसला आणि हसायला लागला. फिडेल्माला मात्र रडू आवरेना. ती त्याच्यापुढे जमिनीवरच बसली.

"मी तुम्हाला इथे टाकून जाईन, बाबा? आणि असं वाटत होतं तर गाडीत बसलात कशाला? एक शब्द तरी बोलायचा!"

"बोलणार होतो गं." त्याने तिच्या केसांवरून हात फिरवला. "पण परत जाताना तू एकटी असणार. म्हटलं, पोरीला रडत रडत गाडी चालवायला नको."